चाळिशीतली पहिली लाट : मोठ्या वयात सर्फिंग शिकताना



आपण दिवसभर कुणाला ना कुणाला काहीतरी शिकवत असतो. पण अगदी 'अ'पासून सुरुवात करून तुम्ही स्वतः एखादी गोष्ट शेवटची कधी शिकलात? मोबाइलमधलं नवीन ॲप किंवा प्रशिक्षणातला एखादा तक्ता मी धरत नाही. मी म्हणतेय ती गोष्ट अंगाने करायची असते, चारचौघांसमोर करायची असते आणि पहिल्या वीस वेळा ती फसणारच असते. बहुतेकांना इथे थांबून आठवावं लागतं. कुणाला स्कूटी आठवते, कुणाला पोहणं.

आजच्या लेखात अशीच एक गोष्ट नीट समजून घेऊ : सर्फिंग, आणि तेही तिशी, चाळिशी, पन्नाशी ओलांडलेल्या नवशिक्याने शिकायचं. विषय शाळेपासून लांबचा वाटेल. पण डी.एड.ला आपण जी अध्यापनाची सूत्रं पाठ केली, 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे', 'सोप्याकडून कठिणाकडे', ती खरोखर कशी काम करतात हे मला या खेळात फार स्पष्ट दिसलं. म्हणून हा लेख.

सर्फिंग म्हणजे नेमकं काय?

समुद्राची लाट किनाऱ्याकडे येते. तिच्या पुढच्या उतारावरून फळीवर उभं राहून घसरत यायचं, म्हणजे सर्फिंग. घसरगुंडीच समजा, फक्त इथे घसरगुंडीसुद्धा आपल्याबरोबर पुढे सरकत असते.

या खेळाचं माहेर म्हणजे पॅसिफिक महासागरातली हवाई बेटं. तिथल्या भाषेत त्याला 'हेए नालू' म्हणतात. नालू म्हणजे लाट आणि हेए म्हणजे घसरणं. १७७८-७९ मध्ये कॅप्टन कुकच्या मोहिमेतल्या लोकांनी तिथल्या रहिवाशांना लाटांवर खेळताना पाहिलं आणि लिहून ठेवलं. एकोणिसाव्या शतकात हा खेळ मागे पडला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वायकिकीच्या किनाऱ्यावर पुन्हा बहरला. तिथल्याच ड्यूक कहानामोकू यांनी १९१२ आणि १९२० च्या ऑलिंपिकमध्ये १०० मीटर पोहण्याचं सुवर्णपदक मिळवलं आणि जिथे गेले तिथे सर्फिंगची प्रात्यक्षिकं करून दाखवली. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सर्फिंगचा पहिल्यांदा समावेश झाला.

भारतात कर्नाटकातलं मुल्की, चेन्नईजवळचं कोवलम, केरळातलं वर्कला आणि गोव्यातला मोरजी-आश्वे हा भाग, इथे सर्फिंग शिकवणारे वर्ग चालतात. आपल्या महाराष्ट्राला सातशे किलोमीटरहून जास्त किनारा आहे, तरी आपल्यातल्या बहुतेकांची समुद्राशी ओळख घोट्याएवढ्या पाण्यापर्यंतचीच. त्यामुळे लाट म्हणजे काय, इथूनच सुरुवात करायला हवी. पण त्याआधी सगळ्यांच्या मनातला प्रश्न.

"आता या वयात?"

हे वाक्य आपल्याकडे फार लवकर सुरू होतं. पस्तिशीतच. आणि गंमत म्हणजे समोरच्याने म्हणायच्या आधी आपणच म्हणून टाकतो.

रहस्यकथा लिहिणाऱ्या अगाथा ख्रिस्ती तुम्हाला माहीत असतीलच. १९२२ मध्ये त्या नवऱ्याबरोबर जगाच्या दौऱ्यावर निघाल्या. दक्षिण आफ्रिकेतल्या म्यूझेनबर्गच्या किनाऱ्यावर त्या फळीवर पालथं पडून लाटेबरोबर यायला शिकल्या आणि पुढे वायकिकीला उभं राहायला शिकल्या. तेव्हा त्या एकतीस वर्षांच्या होत्या आणि घरी लहान मुलगी होती. वायकिकीच्या पोवळ्यांच्या खडकांनी पाय कापले, उन्हाने पाठ भाजली, तरी शिकणं सोडलं नाही, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे.

एकतीस म्हणजे तरुणच, असं कुणी म्हणेल. मग जपानमधले सेइची सानो पाहा. त्यांनी वयाच्या ऐंशीच्या सुमारास सर्फिंगला सुरुवात केली आणि पुढे नव्वदीच्या उंबरठ्यावर असताना जगातला सर्वांत वयस्क पुरुष सर्फर म्हणून गिनेसने त्यांची नोंद केली.

याचा अर्थ वयाने काहीच फरक पडत नाही, असा मात्र नाही. फरक पडतो, आणि तो माहीत असलेला बरा. दहा वर्षांच्या मुलाची उंची कमी, वजन कमी, अंग लवचिक. ते पडलं तरी हसत उठतं. आपले खांदे फळ्यावर लिहून आणि मोबाइल धरून आखडलेले असतात. कंबर आणि गुडघे आधीच कुरकुरत असतात. थकवा भरून यायला जास्त वेळ लागतो. म्हणून मोठ्या नवशिक्याने सलग तीन तास पाण्यात राहण्यापेक्षा रोज एक-दीड तास असे चार दिवस शिकावं. हृदय, रक्तदाब, फिट येणे, पाठीचा किंवा खांद्याचा जुना त्रास, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

उलट काही गोष्टी आपल्या बाजूच्या असतात. आपल्याला वाट पाहता येते. सूचना समजते. धोका समजतो. या खेळात वाट पाहण्याला केवढी किंमत आहे ते पुढे येईलच.

लाट कशी येते, कशी फुटते?

लाट वाऱ्यामुळे तयार होते. वारा किती जोराचा, किती वेळ वाहिला आणि किती लांबवरच्या पाण्यावरून वाहिला, या तीन गोष्टींवर तिचा आकार ठरतो. आपल्या किनाऱ्यावर शांत, वारा नसलेल्या दिवशीही मोठ्या लाटा दिसतात, कारण त्या हजारो किलोमीटर दूर, दक्षिणेकडच्या महासागरातल्या वादळी वाऱ्यांनी तयार होऊन इथवर आलेल्या असू शकतात.

आता मुलांना हमखास चकवणारा प्रश्न : लाट येते म्हणजे पाणी येतं का? खोल समुद्रात नाही. पाण्यावर तरंगणारा नारळ पाहा. लाट आली की तो वर जातो, थोडा पुढे येतो, खाली जातो, थोडा मागे जातो आणि जवळपास होता तिथेच राहतो. प्रवास होतो तो ऊर्जेचा. बाजारात भरलेल्या टोपल्या हातोहात पुढे देतात तेव्हा माणसं जागेवर राहतात आणि टोपली पुढे जाते, तसंच.

किनाऱ्याजवळ तळ उथळ होतो. लाटेचा खालचा भाग तळामुळे मंदावतो, मागून येणारं पाणी दाटतं, लाट उंच होते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट ते दीडपट उरली की तिचा माथा पुढे कोसळतो. म्हणजे कमरेएवढ्या, साधारण तीन फूट पाण्यात दोन-सव्वादोन फुटांची लाट फुटेल. फुटण्याआधीच्या, अजून अखंड असलेल्या लाटेला सर्फर 'हिरवी लाट' म्हणतात. फुटल्यानंतर पांढऱ्या फेसाची जी भिंत किनाऱ्याकडे धावते ते 'पांढरं पाणी'.

मीटरभर खोल पाण्यात लाटेचा वेग सेकंदाला साधारण तीन मीटर, म्हणजे ताशी अकरा किलोमीटरच्या आसपास असतो. सायकलचा आरामशीर वेग. आपण फळीसकट त्या वेगाच्या जवळ पोहोचलो तर लाट आपल्याला उचलून घेते, नाहीतर खालून निघून जाते. चालत्या एसटीत चढताना दोन पावलं धावावं लागतं, तसंच हे.

तीन पायऱ्या : वाळू, पांढरं पाणी, हिरवी लाट

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी कर्नाटकच्या किनाऱ्यावर चार दिवस शिकायला होते. वय अडतीस. आमच्या गटात सहा जण आणि त्यात पंचावन्न वर्षांच्या एक काकूही होत्या. शिकवणारा मुलगा असेल बावीस-तेवीसचा, मासेमारी करणाऱ्या घरातला. डी.एड. सोडाच, त्याने 'अध्यापन' हा शब्दही ऐकला नसेल. पण त्याचा वर्ग मी शिक्षिकेच्या नजरेने पाहत होते आणि मनातल्या मनात टाचण काढत होते.

पहिली पायरी वाळूवर. पाण्यात पाऊलही टाकायचं नाही. वाळूत बोटाने फळीचा आकार काढायचा आणि त्यावर पालथं झोपायचं. तळवे बरगड्यांशेजारी टेकवून छाती उचलायची. हे म्हणजे आपलं भुजंगासनच! मग एक पाय पुढे आणि उभं राहायचं. सूर्यनमस्कारात एक पाय दोन हातांच्या मध्ये येतो, त्याच्या जवळची ही हालचाल. शेवटची स्थिती कबड्डीत चढाईला गेलेल्या खेळाडूसारखी : गुडघे वाकलेले, हात सैल, नजर समोर. ज्याने रोज पाच सूर्यनमस्कार घातले आहेत त्याला यातलं काहीच पूर्ण नवीन नसतं. ज्ञाताकडून अज्ञाताकडे म्हणतात ते हेच. ही हालचाल घरी चटईवर रोज दहा वेळा केली तरी किनाऱ्यावर निम्मं काम झालेलं असतं.

कोणता पाय पुढे ठेवायचा? गुळगुळीत फरशीवर मोजे घालून घसरून पाहा. जो पाय आपसूक पुढे जातो तो पुढचा. डावा पुढे असेल तर त्याला 'रेग्युलर' म्हणतात, उजवा असेल तर 'गूफी'. दोन्ही बरोबरच. डावखुऱ्या मुलाला आपण आता उजव्या हाताने लिहायला लावत नाही ना, तसंच.

दुसरी पायरी कमरेएवढ्या पाण्यात, फुटून आलेल्या पांढऱ्या पाण्यावर. इथे बोर्ड मोठा घेतात, आठ-नऊ फुटांचा, वरून मऊ फोमचा. मोठा बोर्ड जास्त तरंगतो आणि कमी डुगडुगतो. पडलो आणि अंगावर आला तरी कठीण बोर्डाइतकं लागत नाही. गावाकडे विहिरीत पोहायला शिकताना पाठीला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधत, ते आठवा. मोठा बोर्ड हा तोच भोपळा. चित्रपटात दिसणारा छोटा, टोकदार बोर्ड नवशिक्याने मागू नये. आखूड बोर्ड घेतल्याने लवकर येत नाही, उलट उभं राहण्याच्या संधीच कमी मिळतात.

या पायरीला शिकवणारा स्वतः लाट निवडतो आणि बोर्डाला मागून ढकलतो. म्हणजे वेग देण्याचं काम त्याच्याकडे आणि उभं राहण्याचं आपल्याकडे. एका वेळी एकच अडचण. पहिलीच्या मुलाकडून अक्षर ओळखणं, काना-मात्रा लावणं आणि सुंदर लिहिणं हे तिन्ही एकाच दिवशी मागणाऱ्या आपल्या घाईची मला इथे फार आठवण झाली.

तिसरी पायरी हिरव्या लाटेची. इथे आपणच लाट निवडायची, हातांनी पाणी मागे ओढत वेग घ्यायचा आणि लाट फुटायच्या आत उभं राहायचं. चार-पाच दिवसांत इथवर सगळेच पोहोचत नाहीत. मोठ्या वयात तर अनेकांना बरेच आठवडे लागतात आणि त्यात काहीही कमीपणा नाही. पांढऱ्या पाण्यावर किनाऱ्यापर्यंत उभं राहून येणं हेही पूर्ण सर्फिंगच आहे.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते. सर्फर पाण्यात वेळ कसा घालवतात हे मोजणारे अभ्यास झाले आहेत. त्यांत साधारण निम्मा वेळ हातांनी पाणी कापण्यात जातो, बराच मोठा भाग नुसतं वाट पाहण्यात, आणि प्रत्यक्ष लाटेवर उभं असण्याचा वेळ दहा टक्क्यांहूनही कमी भरतो. हे प्रमाण कसलेल्या सर्फरांचं आहे! म्हणजे तासाभरात आपण काही सेकंदच उभे राहिलो, तरी तो तास वाया गेलेला नसतो.

आधी पडायला शिका

वाळूवरच्या पहिल्या अर्ध्या तासात उभं राहण्याइतकाच वेळ पडायला शिकवण्यात गेला. नियम थोडेच आहेत. उथळ पाण्यात डोकं खाली करून कधीही झेप घ्यायची नाही, अंग पसरून, पाठीवर किंवा कुशीवर पडायचं. पाण्याखाली गेलं की दोन्ही हातांनी डोकं झाकायचं आणि वर येताना एक हात डोक्याच्या वर ठेवायचा, म्हणजे बोर्ड आदळणार नाही. बोर्डाला बांधलेली लीश नावाची दोरी घोट्याला असते, ती कधी सोडायची नाही आणि बोटांना गुंडाळायची तर मुळीच नाही. पाण्यात उभं असताना बोर्ड आपल्या आणि लाटेच्या मध्ये येऊ द्यायचा नाही, तो कायम बाजूला. नाहीतर लाट तोच बोर्ड आपल्या तोंडावर आणून आपटते.

पडायचं कसं हे कळलं की पडण्याची भीती निम्मी होते. पण मोठ्यांची उरलेली भीती पाण्याची नसतेच, ती लोकांची असते. किनाऱ्यावर पर्यटक असतात, मोबाइल असतात. आमच्यातल्या त्या काकू पहिल्या दिवशी प्रत्येक वेळी पडल्यावर आधी किनाऱ्याकडे बघायच्या, कुणी हसतंय का म्हणून. त्या मुलाने ते हेरलं. दुसऱ्या दिवशी तो आम्हाला गर्दीपासून शंभर पावलं लांब घेऊन गेला. बोलला काहीच नाही. त्या दिवशी काकू पडल्या की थेट बोर्ड वळवून पुन्हा रांगेत यायच्या. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या उभ्या राहिल्या.

उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रमात आपल्यापैकी अनेकांनी वस्त्यांवर जाऊन प्रौढांना शिकवलं आहे. शेजारीण आली की पाटी पदराखाली सरकवणारी आजी आठवते ना? तिला अक्षर कठीण जात नव्हतं, 'या वयात शिकते' हे दिसणं कठीण जात होतं. वर्गात वाचायला उभं केल्यावर आवाज बसणारा मुलगाही तिचाच सोबती. चुकायला आडोसा देणं हे शिकवणाऱ्याचं काम आहे, आणि ते शिकवण्याच्या आधी येतं.

नजर कुठे ठेवायची?

नवशिक्या उभं राहताना पायांकडे बघतो. साहजिकच आहे, पाय नीट पडलेत का ही काळजी असते. पण मान खाली गेली की वजन पुढे जातं, बोर्डाचं नाक पाण्यात घुसतं आणि आपण डोक्यावरून पुढे! आमचा मास्तर सारखं एकच वाक्य म्हणायचा, "मॅडम, नीचे नहीं, नारियल देखो." किनाऱ्यावर एक वाकडा माड होता, त्याच्याकडे. एवढ्या एका वाक्याने जे झालं ते 'गुडघे वाकवा, कंबर खाली, हात सैल' या दहा सूचनांनी झालं नसतं.

यामागे शास्त्र आहे. गाब्रिएले वुल्फ या जर्मन संशोधिका विंडसर्फिंगमधलं एक अवघड वळण शिकत होत्या. आपल्या पायांकडे लक्ष देण्यापेक्षा बोर्ड कसा कलतोय याकडे लक्ष दिलं की ते वळण चांगलं जमतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी सहकाऱ्यांबरोबर प्रयोग केला आणि १९९८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. बर्फावरच्या स्कीइंगसारखी हालचाल करवणाऱ्या यंत्रावर काहींना 'पायावर जोर द्या' असं सांगितलं आणि काहींना 'यंत्राच्या चाकांवर जोर द्या'. दोन्ही सूचना जवळपास सारख्याच, पण चाकांकडे लक्ष देणाऱ्यांचं शिकणं सरस ठरलं. पुढे अनेक खेळांत असेच निष्कर्ष मिळाले. लक्ष स्वतःच्या अवयवांवर ठेवलं की शरीराची आपसूक होणारी हालचाल अडखळते; ते बाहेरच्या परिणामावर ठेवलं की शरीर आपली वाट शोधतं.

मोठ्या माणसाला हे विशेष जड जातं. आपल्याला आधी सगळं समजून हवं असतं. "पण पाय नेमका कुठे?", "किती अंशात?" समजून घेणं चांगलंच, पण ते वाळूवर. पाण्यात एका वेळी एकच गोष्ट डोक्यात राहते, आणि ती डोळ्यांना दिसणारी असेल तर उत्तम.

समुद्र वाचायला शिका

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. दर सुट्टीत आपण समुद्रात बुडाल्याच्या बातम्या वाचतो. त्यातले कितीतरी जण तरुण, धडधाकट असतात, सहलीला आलेले असतात. सर्फिंग शिका किंवा शिकू नका, पण पुढच्या गोष्टी घरात आणि वर्गात नक्की सांगा.

पहिली गोष्ट, पोहता येत नसेल तर आधी पोहायला शिका. लीश आणि फोमचा बोर्ड म्हणजे पोहण्याला पर्याय नव्हे.

दुसरी गोष्ट, भरती-ओहोटी. आपल्याकडे जुना हिशोब आहे : तिथीच्या पाऊणपट वाजता भरती. चतुर्थीला चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास, आणि त्या दिवसांत उधाण असतं. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशोब मुंबई आणि आसपासच्या किनाऱ्यासाठी, तोही अंदाजे. दक्षिणेकडे वेळ बदलते, म्हणून नेमक्या वेळेसाठी छापील कोष्टकच पाहावं.

तिसरी गोष्ट, आत ओढणारा प्रवाह. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत कुठून तरी जाणारच. ते एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात आत जातं. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, पाणी गडद आणि शांत दिसतं. फसगत होते ती इथेच, कारण नवख्या माणसाला तीच जागा पोहायला सुरक्षित वाटते. अशा प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झगडायचं नाही. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही त्याच्याविरुद्ध टिकाव धरता येत नाही. तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची आणि शक्य असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडायचं. हा प्रवाह आत ओढतो, पाण्याखाली खेचत नाही, हे माहीत असलं की घबराट कमी होते, आणि जीव बहुतेक वेळा घबराटीनेच जातो.

चौथी गोष्ट, पावसाळा. नारळी पौर्णिमेपर्यंत आपले कोळी बांधव होड्या समुद्रात घालत नाहीत. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते थांबतात, तर हौसेने जाणाऱ्यांनी नक्कीच थांबावं. पश्चिम किनाऱ्यावर नवशिक्यांनी पाऊस सरून समुद्र निवळल्यावर, हिवाळ्याच्या सुमारास जावं. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था समुद्राच्या स्थितीचा अंदाज आणि उंच लाटांचे इशारे देते, तेही पाहावेत.

शिवाय एकट्याने पाण्यात उतरू नये. वाळूत पाकट लपलेलं असू शकतं, म्हणून पाय उचलून न टाकता घासत चालावं. आणि शिकवणारा सांगेल तेव्हा बाहेर यावं, 'अजून एकच लाट' म्हणू नये. दमलेल्या अंगानेच जास्त दुखापती होतात.

जायचं ठरवलं तर

मुल्की कोकण रेल्वेच्या मार्गावरच आहे. जवळची मोठी स्थानकं उडुपी आणि सुरतकल. कोल्हापूर-सिंधुदुर्गच्या मंडळींना गोवा जवळ पडेल. वर्ग निवडताना चार प्रश्न विचारा : एका शिकवणाऱ्यामागे किती जण? त्याला जीवरक्षणाचं प्रशिक्षण आहे का? बोर्ड मऊ फोमचे आहेत का? समुद्र खवळलेला असेल तर वर्ग रद्द करता का? शेवटच्या प्रश्नाला जो 'नाही, रोज घेतो' म्हणेल, त्याच्याकडे जाऊ नका.

कपड्यांचा प्रश्न आम्हा बायकांना आधी पडतो, म्हणून सांगते. अंगाला बसणारा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि लेगिंग्ज पुरतात. ओढणी, सैल कुर्ता, दागिने, घड्याळ काहीच नको. मंगळसूत्र काढून ठेवायचं किंवा नाही हा ज्याचा-त्याचा प्रश्न, पण गळ्यात लांब काहीही असणं पाण्यात धोक्याचं आहे, हे लक्षात घ्या. सकाळी लवकर जा, ऊन कमी आणि वाराही बहुधा शांत असतो.

वर्गात काय आणता येईल?

समुद्र जवळ नसला तरी हरकत नाही. मी तीन गोष्टी आणल्या.

एक : परातीत पाणी घेऊन त्यावर बुचाचा तुकडा सोडायचा आणि कडेला बोटाने लाटा करायच्या. बूच कुठे जातं, हे मुलांनी आधी सांगायचं आणि मग पाहायचं. तिथीचा पाऊणपटीचा हिशोब चौथी-पाचवीच्या मुलांना अपूर्णांकासाठी द्या. 'पाऊण' या शब्दाला एकदम अर्थ येतो.

दोन : सूचना बाहेर वळवायच्या. 'बोटं नीट धर, मनगट सैल सोड' ऐवजी 'शिरोरेषेच्या दोरीवर अक्षरं वाळत घाल' असं म्हणून पाहा. चेंडू झेलताना 'हात पुढे कर' ऐवजी 'चेंडूवरची शिवण बघ'. सगळ्यांना लगेच जमतं असं नाही, पण सूचना कमी होतात आणि मुलांचे चेहरे सैल होतात.

तीन : सत्रातून एकदा शिक्षकाने मुलांसमोर स्वतःला न येणारी गोष्ट शिकायची. आमच्या वर्गात मुलं मला भोवरा फिरवायला शिकवतात. पालकांनी घरी मुलांकडून काहीही शिकावं, सायकल, बुद्धिबळ, पोहणं. मूल आपल्याला चुकताना, हसताना आणि पुन्हा करताना पाहतं. 'प्रयत्न कर' हे आपण शंभर वेळा सांगतो. प्रयत्न करणारा मोठा माणूस दिसतो कसा, हे त्याला फार क्वचित पाहायला मिळतं.

सर्फिंग प्रत्येकाने शिकलंच पाहिजे असं मुळीच नाही. पण या सुट्टीत समुद्रावर गेलात तर पाण्यात उतरायच्या आधी दहा मिनिटं वाळूत बसा. मुलांना विचारा : लाटा कुठे फुटतात, कुठे फुटत नाहीत आणि का? उत्तर नीट आलं की मगच चपला काढा.